लहान मुलांना घेऊन सुट्टीत नातेवाइकांकडे जाताना

सुट्टीत नातेवाइकांकडे जायचे ठरले की घरात सुरू होते ती तयारी बहुतेक प्रवासाची असते. तिकिटे, कपडे, पिशव्या आणि वाटेतला खाऊ यांतच सगळा वेळ जातो. प्रवास मात्र काही तासांत संपतो आणि मुक्काम कित्येक दिवस चालतो. लहान मूल खरे बिथरते ते मुक्कामातच, कारण तिथे झोपायची जागा नवी असते, जेवणाची वेळ मागेपुढे होते आणि कौतुकाने उचलून घेणाऱ्या हातांना गणती नसते. म्हणून तयारीचा निम्मा वेळ मुक्कामाच्या विचाराला द्यावा. पुढे जे लिहिले आहे ते तान्ह्या बाळापासून साधारण पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

तारखा ठरवण्याआधी झोपेचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसाच्या डुलक्या धरून ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास, एक-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. पाहुणचाराच्या गडबडीत सगळ्यात आधी कात्री लागते ती या तासांना. दुसऱ्या दिवशी जो हट्ट, जी किरकिर आणि जी रडारड दिसते, तिला नातेवाईक ‘लाडावलेपण’ म्हणतात; पुष्कळदा ती निव्वळ अपुरी झोप असते. त्यामुळे प्रवासाची वेळ तिकिटाच्या सोयीने न ठरवता मुलाच्या झोपेच्या सोयीने ठरवणे अधिक शहाणपणाचे. गाडी हलू लागताच झोपणाऱ्या मुलाला त्याच्या डुलकीच्या वेळी निघणे मानवते, तर वाहनात डोळाही न मिटणाऱ्या मुलाला पहाटेचा प्रवास बरा पडतो. कोणत्याही परिस्थितीत रात्रीच्या झोपेआधी किमान दोन तास हाताशी राहतील अशा बेताने पोहोचावे. अंधारात पोहोचून थेट अनोळखी अंथरुणावर टाकलेले मूल पहिली रात्र स्वतःही झोपत नाही आणि यजमानांनाही झोपू देत नाही.

एकाच दौऱ्यात सगळ्या नातेवाइकांची घरे उरकण्याचा मोह टाळावा. एक घर मुक्कामाचे ठरवावे आणि बाकीच्यांना तिथेच भेटायला बोलवावे. यात कोणी रुसण्याची शक्यता असते हे खरे, परंतु तीन दिवसांत चार घरी झोपवलेल्या मुलाची भेट कोणालाच सुखाची होत नाही. परतीचा दिवस ठरवताना कामावर किंवा शाळेत जाण्याआधी एक संपूर्ण दिवस मोकळा ठेवावा. दूरदेशी जायचे असून घड्याळात बराच फरक पडणार असेल, तर शरीर जुळवून घ्यायला साधारण एका तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो असे धरून चालावे, आणि दोन-तीन दिवसांच्या भेटीसाठी असा प्रवास करावा का, याचा विचार तिकीट काढण्याआधीच करावा.

निघण्याआधीचे बोलणे

मुक्कामातले बहुतेक खटके निघण्याआधीच्या एका फोनने टळतात. हा फोन कोणी करायचा, यालाही महत्त्व आहे. ज्याने त्याने आपापल्या आईवडिलांशी आणि भावंडांशी बोलावे. मुलाच्या झोपेचा नियम सुनेने सासूला सांगितला तर तो सहज तक्रारीसारखा ऐकू येतो. तेच मुलाने आईला सांगितले तर ती साधी माहिती ठरते. बोलताना कारणांची लांबण लावू नये. ‘आई, तो आठला झोपतो. आठपर्यंत तुमच्यापाशीच खेळेल, मग मी त्याला आत नेईन,’ एवढे पुरते. यात आजीला काय मिळणार आहे हे आधी आले आहे आणि नियम नंतर आला आहे, हा क्रम मुद्दाम ठेवण्यासारखा आहे.

याच फोनवर आणखी तीन-चार गोष्टी विचारून घ्याव्यात. झोपायला कोणती खोली मिळेल आणि तिचे दार लावता येईल का, घरात कुत्रा किंवा मांजर आहे का, आणि कोणाला सर्दी-ताप आहे का. शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, परंतु तीन महिन्यांखालील बाळ सोबत असेल तर तो विचारलाच पाहिजे, कारण मोठ्यांची किरकोळ सर्दी इतक्या लहान बाळाला जड जाऊ शकते आणि या वयात ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे लागते. मुलाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असल्यास ती फोनवर सांगून शिवाय लिहूनही पाठवावी. स्वयंपाक करणारी व्यक्ती आणि फोन घेणारी व्यक्ती एकच असेल असे नाही.

सामान

सामानाविषयी थोडेच सांगायचे आहे. मोठ्या पिशव्या कशाही भरल्या तरी चालतात. हाताशी राहणारी एक पिशवी मात्र नीट भरावी. तीत प्रत्येक मुलाचा एक पूर्ण कपड्यांचा जोड, मोठ्यांसाठी एक जादा सदरा (उलटी होते ती बहुधा कडेवर घेणाऱ्याच्या अंगावर), डायपर, पुसायचे ओले कागदी रुमाल, रिकाम्या पिशव्या आणि औषधे असावीत. मुलाच्या अंथरुणावरची चादर किंवा दुपटे न धुता तसेच न्यावे, कारण ओळखीच्या वासाने नवी जागा कमी परकी वाटते. तापाचे औषध नेताना त्याची मात्रा मुलाच्या सध्याच्या वजनानुसार डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि मोजायचे माप सोबत ठेवावे. यजमानांच्या घरचा चमचा हे माप नव्हे. जलसंजीवनीची पाकिटे घ्यावीत आणि पाकिटावर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्यातच ती विरघळवावीत. मूल प्रवासात झोपावे म्हणून सर्दीचे किंवा ॲलर्जीचे औषध देण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. तो ऐकू नये. काही मुले अशा औषधाने झोपण्याऐवजी उलट जास्तच चेकाळतात, आणि मात्रा चुकली तर धोका वेगळाच.

पावडरचे दूध आधीच कालवून नेऊ नये. उकळलेले पाणी थर्मासमध्ये आणि मोजलेली पावडर कोरड्या डब्यात वेगवेगळी न्यावी व लागेल तेव्हाच कालवावे. कालवलेले दूध दोन तासांत संपवावे आणि बाळाने तोंड लावल्यावर तासाभरात उरलेले टाकून द्यावे. काढून ठेवलेले आईचे दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास आणि बर्फाच्या पिशव्या घातलेल्या बंद पेटीत चोवीस तास टिकते.

वाटेत

मोटारीने जाताना मुलाला लहान मुलांसाठीच्या वेगळ्या सीटवर (चाइल्ड सीट), मागच्या बाकावर आणि पट्टा लावूनच बसवावे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची जागा मागेच. लहान बाळाची सीट मागे तोंड करून लावायची असते आणि सीटवर दिलेल्या वजन-उंचीच्या मर्यादेत मूल बसते तोवर ती तशीच ठेवणे सर्वांत सुरक्षित. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर अशी सीट कधीही लावू नये. ‘थोडेच अंतर उरले आहे’ म्हणून रडणाऱ्या मुलाला मांडीवर घेण्याची वेळ आली, की गाडी बाजूला थांबवावी. तान्ह्या बाळाला सलग दोन तासांहून अधिक वेळ सीटमध्ये ठेवू नये, हे धरून थांबे आधीच ठरवलेले असले म्हणजे अशी वेळ कमी येते.

गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखालील मुलांना क्वचितच होतो आणि दोन ते बारा या वयात तो सर्वाधिक दिसतो. कानाच्या आतल्या भागाला हालचाल जाणवते आणि डोळ्यांना मात्र स्थिर पुस्तक किंवा पडदा दिसत असतो. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणूनच मुलाला गुंतवण्यासाठी हातात दिलेला मोबाइलच पुष्कळदा उलटीचे कारण ठरतो. अशा मुलाला थोडेसे खाऊ घालून बसवावे, खिडकीतून दूरवर पाहायला लावावे आणि गुंतवण्यासाठी गाणी, गोष्टी, ओळखाओळखीचे खेळ वापरावेत. मूल अचानक गप्प झाले, चेहरा फिकट पडला, वारंवार जांभया येऊ लागल्या, की पिशवी उघडून हातात धरावी. तेवढाच अवधी असतो.

विमानात केबिनमधला हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका असतो. उतरताना तो पुन्हा वाढत जातो आणि लहान मुलांची कान व घसा जोडणारी नळी अरुंद असल्याने त्यांच्या कानात दडे बसतात. गिळण्याच्या क्रियेने ही नळी उघडते, म्हणून बाळाला त्या वेळी अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी, मोठ्या मुलाला घोटघोट पाणी द्यावे. उतरणे जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी सुरू होते, तेव्हा दूध त्याआधीच संपवू नये.

गर्दीच्या ठिकाणी शिरण्याआधी मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवावा आणि पालकांचा फोन क्रमांक त्याच्या मनगटावर किंवा सदऱ्याच्या आतल्या बाजूस लिहावा.

पोहोचल्यावर

दारात शिरताच चार जण हात पसरून पुढे येतात आणि मूल आईच्या पायांमागे तोंड लपवते. हा उद्धटपणा नव्हे. सहा ते आठ महिन्यांपासून मुले अनोळखी चेहऱ्यांना बुजू लागतात आणि दोन वर्षांच्या आसपास हे बुजणे हळूहळू कमी होते; आजोबांना त्याने सहा महिन्यांपूर्वी पाहिले असले तरी त्याच्या लेखी ते नवेच असतात. मुलाला कडेवर घेऊन आपण आधी मोठ्यांशी बोलत बसावे, मूल आपोआप बघू लागते, आणि मग एखादे खेळणे घेऊन आजोबा जवळच खाली बसले की पाऊण तासात ते त्यांच्या मांडीवर जाते. पापा घ्यायला किंवा मिठी मारायला बळजबरी करू नये. ‘आत्ता नको वाटतेय, हात मिळवतो’ असे म्हणून पर्याय पुढे करावा. मोठ्यांचा मान राहतो आणि मुलाचाही.

चहापाणी झाले की दोघांपैकी एकाने घरातून एक चक्कर मारावी, तीही मुलाच्या उंचीवरून. जिथे रोज लहान मूल वावरत नाही, त्या घरात धोके उघड्यावर असतात आणि त्यात कोणाचा निष्काळजीपणा नसतो. सगळ्यात आधी पाहावी ती औषधे. आजी-आजोबांच्या उशाशी असलेली आठवड्याच्या कप्प्यांची गोळ्यांची डबी एका बोटाने उघडते, आणि रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या एक-दोन गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. पाहुण्यांच्या पर्समध्येही गोळ्या असतात, हे लक्षात येत नाही. त्याखालोखाल येतात त्या रिमोटमधल्या, वजनकाट्यातल्या आणि खेळण्यांतल्या बटणासारख्या बॅटऱ्या. अशी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका गंभीरपणे भाजू शकते, म्हणून नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठावे. न्हाणीघरातली भरलेली बादली रिकामी करावी, कारण काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. गच्चीचे दार, जिना आणि टेबलाच्या कडेला ठेवलेला गरम चहा या गोष्टी तर दिसतातच. हे सारे बोलून न दाखवता स्वतः उचलून वर ठेवावे आणि ‘डबी कपाटावर ठेवलीय’ एवढे सांगावे.

एक वर्षाखालील बाळाला सपाट, घट्ट गादीवर पाठीवर झोपवावे. जवळ उशी, जाड पांघरूण किंवा मऊ खेळणी असू नयेत. पाहुण्यांची सोय म्हणून दिलेला सोफा बाळासाठी, आणि बाळासह झोपणाऱ्या मोठ्या माणसासाठीही, अजिबात योग्य नाही.

खाणे, शिस्त आणि मोठ्यांचा शब्द

इथे नमते कुठे घ्यायचे आणि ठाम कुठे राहायचे, हे पतिपत्नींनी आधीच ठरवून ठेवावे. ठाम राहण्याच्या गोष्टी सुरक्षिततेच्या: एक वर्षाखाली मध नाही, सहा महिन्यांखालील अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचे पाणी नाही, चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे किंवा अख्खी द्राक्षे नाहीत, गाडीत पट्टा हवाच. जेवणाआधी मिळालेला गोड घास, एक जादा कार्टून, आत्याने पुन्हा बदललेले कपडे या नमते घेण्याच्या गोष्टी आहेत. चार दिवसांच्या लाडाने मूल बिघडत नाही, आणि प्रत्येक बाबतीत टोकणाऱ्या पालकाचे मधाविषयीचे म्हणणेही मग कोणी मनावर घेत नाही. वडीलधाऱ्यांना काही सांगायचेच असेल तर चारचौघांत सांगू नये.

चुलत-मावस भावंडांची खेळण्यांवरून भांडणे होणारच. आपल्या मुलाचे जिवापाड आवडते खेळणे पेटीतच ठेवावे आणि वाटून खेळता येईल असे ठोकळे, खडू, चेंडू बाहेर काढावेत. दुपारी तासभर मुलाला घेऊन घराबाहेर पडावे किंवा खोलीत शांत बसावे. यजमानांनाही तेवढी उसंत लागते, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

परतल्यानंतर

निघताना निरोप लांबवू नये. मुलाला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावे. घरी आल्यावर काही दिवस झोप मोडणे, अंथरूण ओले होणे, सतत कडेवर मागणे हे चालायचेच, त्यावर रागावू नये आणि पहिल्या रात्रीपासून झोपेची जुनी वेळ धरावी. परतल्यावर मूल ताप किंवा जुलाबाने आजारी पडले, तर ज्यांच्याकडे राहिलो त्यांना त्याच दिवशी कळवावे. त्यांच्या घरी तान्हे बाळ किंवा वृद्ध असतील तर त्यांना काळजी घेता येते, आणि तिथेही कोणी आजारी आहे असे कळले तर आपल्या डॉक्टरांना ती माहिती उपयोगी पडते.