दाताचा ठणका थांबला? तरीही दाखवून या. या चुका खिशाला महागात पडतात

आईच्या खालच्या दाढेत सुरुवातीला नुसतं गार पाणी लागलं की कळ यायची. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, मेडिकलमधून गोळी आणली, आठवड्याभरात कळ बंद. आम्ही सगळे निर्धास्त झालो. चार महिन्यांनी ती सकाळी उठली तेव्हा गाल सुजून डोळ्याखालपर्यंत आला होता. एका बैठकीत सिमेंट भरून झालं असतं, त्याच दाढेला मग रूट कॅनाल, कॅप आणि कितीतरी फेऱ्या लागल्या.

दुखायचं थांबलं म्हणजे दात बरा झाला, असं समजणं ही सगळ्यात मोठी चूक. कीड वरच्या कवचात असते तोवर दुखत नाही. आत उतरली की गार-गोड लागायला लागतं, नसेपर्यंत पोचली की रात्री आडवं झाल्यावर ठणका सुरू होतो. पुढे नस मरते, आणि म्हणून ठणका थांबतो! मुळाशी पू मात्र साठत राहतो. अँटिबायोटिकनं सूज उतरते, पण मेलेल्या नसेला रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे औषध तिथं पोचत नाही आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. गार लागायला लागलं की त्याच आठवड्यात जा, तेव्हाच काम स्वस्तात होतं.

रूट कॅनाल अर्धवट सोडणारेही याच समजुतीनं फसतात. पहिल्या बैठकीतच बरं वाटतं, मग पुढची तारीख राहून जाते. तात्पुरतं सिमेंट झिजतं, लाळ आत शिरते, केलेलं काम वाया. कॅप न बसवलेली दाढ आतून पोखरलेली असते. सुपारी फोडताना ती उभी चिरली तर बहुधा काढावीच लागते. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. मागच्या दाढेला धातूची कॅप उत्तम चालते, दातासारख्या रंगाच्या महाग झिर्कोनिया कॅपसाठी पैसे जमेपर्यंत थांबू नका.

‘काढूनच टाका’ हाही वरवरचा स्वस्त उपाय. अक्कलदाढेचं वेगळं, पण चावायची दाढ गेली की शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, समोरच्या जबड्यातला दात त्या जागेकडे खाली-वर सरकतो.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरात ती दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. ती कायमची असते.

दुखऱ्या दातावर मिश्री चोळू नका. ती भाजलेली तंबाखूच, हिरड्यांची वाट लावते आणि कॅन्सरचा धोका वाढवते.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. विद्यार्थी हात लावतील म्हणून घाबरू नका, शिक्षकांची देखरेख असते. वेळ मात्र जातो, तेव्हा सकाळी लवकर केसपेपर काढा. जुना एक्स-रे आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. रक्त पातळ करणारी गोळी किंवा मधुमेह असेल तर खुर्चीत बसण्याआधीच सांगा.