फीनिक्सला एप्रिलमध्ये शिंका सुरू झाल्या? आधी कुंपणाजवळचं झुडूप बघा

अ‍ॅरिझोनात नवीन आलेल्यांना वाटतं वाळवंट म्हणजे कोरडी हवा, आता सर्दी-शिंकांचा प्रश्न मिटला, आणि मग एप्रिल-मेमध्ये डोळे खाजायला लागतात. त्यामागे बऱ्याचदा सॉल्टबुश पण असतं, खाऱ्या जमिनीत मस्त वाढणारं, माणसाच्या उंचीचं राखाडी झुडूप. ओळखायला सोपं आहे, पान बोटांनी चोळा, चंदेरी पावडर लागते आणि ती खारट लागते कारण जमिनीतलं मीठ झाड पानावरच्या बारीक फोडांमध्ये साठवतं. यातल्या फोरविंग सॉल्टबुश या जातीत मादी झाडाच्या फळाला चार पंख असतात. आपल्या चाकवत, राजगिऱ्याच्याच कुळातलं आहे हे.

आता महत्त्वाचं. पपईसारखं यातही बहुतेक वेळा नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि पराग फक्त नराचा, तो वाऱ्यावर उडतो. म्हणून सगळी झुडपं उपटू नका प्लीज, लावे पक्षी आणि ससे त्यावर जगतात. फुलोरा आला की मास्क लावून एक फांदी काळ्या कागदावर हळूच झटका, पिवळी धूळ पडली तर तो नर. बेडरूमच्या खिडकीखाली किंवा एसीच्या युनिटजवळ नर असेल तर तेवढाच हिवाळा संपताना, फुलायच्या आधी छाटा. मी एकदा ऐन फुलात छाटला आणि दोन दिवस डोळे उघडत नव्हते, त्यामुळे हे कळकळीने सांगतेय.

घरात एसीला मर्व्ह १३ (परागासारखे बारीक कण अडवणारा) फिल्टर लावा (युनिटला चालतो का ते आधी विचारा), कपडे बाहेर दोरीवर वाळत घालू नका, आणि झोपायच्या आधी केस धुवा, नाहीतर पराग उशीवर येतो. जलनेती करत असाल तर नळाचं पाणी डायरेक्ट अजिबात नको, उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच घ्या. नाकातला स्टिरॉइड स्प्रे एका दिवसात पूर्ण काम करत नाही, तो डॉक्टरांना विचारून सीझनच्या थोडं आधीच सुरू करावा लागतो. छातीत घरघर होत असेल तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दाखवा.

आणि हो, दुष्काळ किंवा कडक थंडीनंतर यातली काही मादी झाडं नर होतात, खरंच, त्यामुळे काळ्या कागदाची टेस्ट दरवर्षी करा.