मेंढीकोट: चार दश्श्यांचा जुना डाव

चार भिडू, समोरासमोरचे जोडीदार, जोकर काढलेले 52 पत्ते. सगळी ओढ चार दश्श्यांची, म्हणजे मेंढ्यांची. वाटप उजवीकडून: आधी पाच-पाच, मग दोनदा चार-चार, प्रत्येकी 13.

वाटणाऱ्याच्या उजवीकडच्याने उतारी करायची, म्हणजे पहिलं पान टाकायचं. एक्का सर्वांत मोठा, दुर्री सर्वांत लहान. आलेल्या रंगाचं पान असेल तर तेच टाकायचं. नसेल, तर पहिल्यांदा अडलेला जे पान टाकेल तो रंग त्या डावाचा हुकूम, म्हणजे बाकी रंगांना कापणारा. म्हणून घाईत नको असलेलं पान फेकू नका. हातात बदामाची पाच पानं आणि किलवरचं एकच असेल, तर बदाम टाका.

नवखे हमखास चुकतात ते दश्शीची उतारी करून. गुलामसुद्धा तिला खातो! ती राखून ठेवा. जोडीदाराचा एक्का पडला आणि कोणी हुकमाने कापायची भीती नसली, की त्यावर सोडा. हा खेळातला सर्वांत गोड क्षण.

तीन मेंढ्या मिळवणारे जिंकतात. दोन-दोन झाल्या तर सात हात (चौघांच्या एकेका पानाची फेरी म्हणजे एक हात) करणारे. चारही मेंढ्या एकीकडे गेल्या की मेंढीकोट, आणि तेराही हात गेले तर बावन्न पत्त्यांचा मेंढीकोट.