घरी शिकणाऱ्या मुलासाठी गणिताचा अभ्यासक्रम: इयत्ता बघू नका, पायरी बघा

मूल घरी शिकवायचं ठरलं की बहुतेक पालक आधी पुस्तकं गोळा करतात. वय नऊ, म्हणून चौथीचं गणित, असा सरळ हिशोब असतो. गणितात घोळ सुरू होतो तो इथेच. भाषेत किंवा परिसर अभ्यासात मूल एखाद्या वर्षाने मागे असलं तरी वाचत वाचत गाठून घेतं. गणितात खालची पायरी कच्ची असेल तर वरचं पुस्तक कितीही चांगलं असो, मूल रीत पाठ करतं आणि महिन्याभरात विसरतं. म्हणून मूल आज नेमकं कुठे उभं आहे ते आधी बघायचं आणि पुस्तक नंतर घ्यायचं. त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते: दहावीची परीक्षा कुठून द्यायची.

परीक्षेचं दार

मूल दहा वर्षांचं होईपर्यंत याची घाई नाही. साधारण सहावी-सातवीच्या सुमाराला मात्र निर्णय हवा, कारण तिथून अभ्यासक्रमांच्या वाटा वेगळ्या होतात.

राज्य मंडळाची परीक्षा खाजगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून देता येते. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाकडे येतात. फॉर्मसोबत शाळा सोडल्याचा दाखला मागतात. मूल कधीच शाळेत गेलं नसेल तर दहावीच्या वर्षाची वाट न बघता दोन-तीन वर्षं आधीच मंडळाच्या कार्यालयात जाऊन कागदपत्रांची चौकशी करा. इथे गणिताचे दोन पेपर असतात. भाग १ बीजगणिताचा, भाग २ भूमितीचा, प्रत्येकी ४० गुणांचा, शिवाय अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण. म्हणजे लेखी गुणांपैकी निम्मे भूमितीवर आहेत आणि त्यात प्रमेयं सिद्ध करावी लागतात. पक्ष, साध्य, सिद्धता अशी मांडणी ज्याने आठवीपर्यंत कधी पाहिलीच नाही, ते मूल उत्तर माहीत असूनही गुण घालवतं. परदेशी पुस्तकं किंवा मोबाइलवरची अॅपं वापरून वाढलेल्या मुलांचं नेमकं हेच होतं. आकडेमोडीत ती तरबेज असतात, पण 'का?' याचं उत्तर ओळीने कारणं देत लिहिता येत नाही.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेला किमान वय १४ लागतं. नोंदणी पाच वर्षं चालते आणि विषय एकेक करून सोडवता येतात. गणित आधी आणि एकटं देऊन मोकळं होता येतं, ही सोय फार मोलाची आहे. तिथे गणित सक्तीचं नाही, पण पुढे विज्ञान किंवा अभियांत्रिकीची थोडीही शक्यता असेल तर ते सोडू नका. परदेशी मंडळाचा विचार असेल तर बाहेरून परीक्षा देणाऱ्याला प्रवेश देणारं केंद्र कुठे आहे आणि शुल्क किती, हे आधी विचारा. पुस्तकांवर खर्च त्यानंतर.

भाषाही इथेच ठरवा. लसावि, घातांक, समरूप हे शब्द ऐनवेळी दुसऱ्या भाषेत शिकायला लावले की मूल गणितात नाही, शब्दांत अडखळतं. आठवीपासून परीक्षेच्या भाषेतलंच पुस्तक मुख्य ठेवा.

पायरी कशी शोधायची

एका बैठकीत वीस मिनिटं, अशा तीन बैठका घ्या. मूल ज्या इयत्तेचं समजता त्याच्या दोन इयत्ता खालून सुरुवात करा आणि प्रत्येक इयत्तेचे दहा प्रश्न काढा. आठ किंवा जास्त बरोबर आले तर वर चढा. पाच ते सात आले तर मुक्काम तिथेच. पाचपेक्षा कमी आले तर एक पायरी खाली. गुणांपेक्षा चुकीचा प्रकार जास्त सांगून जातो, म्हणून प्रत्येक उत्तरानंतर शांतपणे विचारा, "कसं काढलंस?" बरोबर उत्तरालाही विचारा, नाहीतर प्रश्न विचारला म्हणजे चुकलं, असं मूल धरून बसतं.

खालचे प्रश्न जरूर घ्या, कारण ते पायातली भेग लगेच दाखवतात.

४००२ − १६७५. उत्तर २३२७. मुलाने ३६७३ लिहिलं तर ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. हातचा घेणं त्याला कळलेलंच नाही, मग ते पाचवीत असलं तरी दुसरी-तिसरीच्या दशक-शतकाकडे परत जायला हवं.

८२४ ÷ ८. उत्तर १०३. १३ आलं तर भागाकाराची रीत पाठ आहे, पण शून्याची जागा कळलेली नाही.

७ + ५ = □ + ४. चौकटीत ८ हवेत. बरीच मुलं १२ लिहितात, कारण त्यांच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिही'. हा समज घेऊन समीकरणांकडे गेलेलं मूल बीजगणितात अडकणारच.

१/२ + १/३ चं उत्तर २/५ आलं, किंवा ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं वाटलं, तर अपूर्णांकाचं पुस्तक अगदी चित्रांपासून हवं.

डझनभर केळी ६० रुपयांना, तर ५ केळी कितीला? इथे २५ हे उत्तर आलं का, यापेक्षा मूल आधी एका केळ्याची किंमत काढतं का ते बघा.

मराठी संख्यानामांची वेगळी अडचण

सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी अभ्यासक्रम निवडताना हे सोडून चालत नाही. मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर, पण लिहिताना सहा आधी. म्हणून मूल ६३ ऐवजी ३६ लिहितं. एकोणसाठमध्ये तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात पन्नास आणि नऊ. एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते आणि नव्व्याण्णवला मोडते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्या 'वीस एक', 'वीस दोन' अशाही वाचायला दिल्या, तेव्हा राज्यभर वाद झाला. घरी शिकवताना त्या वादात न पडता दोन्ही वापरावं. साठ आणि तीन, म्हणून त्रेसष्ट, असं आधी तोडून आणि मग जुन्या नावाने. ६० चं लांब कार्ड आणि त्याच्या शून्यावर ठेवायचं ३ चं छोटं कार्ड, एवढ्या साहित्यात पंधरा दिवसांत फरक दिसतो. परदेशी पुस्तकात ही अडचण नसतेच, त्यामुळे त्यावर उपायही नसतो. असं पुस्तक घेतलंत तर मराठी नावांचा सराव वेगळा लावा.

पुस्तक हातात घेऊन काय बघायचं

पूर्ण पुस्तक चाळत बसू नका. एकच घटक घ्या, हातच्याची वजाबाकी किंवा भिन्न छेदांची बेरीज, आणि तो कसा उलगडला आहे ते बघा. आधी हाताळायची वस्तू, मग चित्र, मग अंक असा क्रम आहे का? सिंगापूरच्या पुस्तकांची ख्याती याच क्रमामुळे आणि शाब्दिक उदाहरणं पट्ट्या आखून सोडवण्याच्या रीतीमुळे झाली. तिथे घटक कमी आणि प्रत्येकावर मुक्काम लांब असतो. बालभारतीत तोच घटक दरवर्षी थोडा थोडा पुढे सरकतो. पाया पक्का असलेल्या मुलाला बालभारतीची चाल मानवते. मधली दोन वर्षं विस्कळीत गेलेल्या मुलाला मात्र एकाच घटकावर महिनाभर थांबणारी मांडणी लागते.

नवी रीत बसायला मुलाला साधारण पंधरा-वीस उदाहरणं लागतात, आणि नंतरचे काही आठवडे दोन-तीन उदाहरणं मिसळून पुन्हा. बालभारतीच्या सरावसंचात बऱ्याचदा एवढी उदाहरणं नसतात, म्हणून त्याच इयत्तेची एक सराववही जोडीला हवी. तरीही खर्चाच्या बाजूने बालभारतीला तोड नाही. पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत असल्याने जुनी घेताना आवृत्तीचं वर्ष बघा. एनसीईआरटीची नवी पुस्तकं मोफत आणि विचाराला चालना देणारी आहेत, पण मराठीत नाहीत. परदेशी पुस्तकात डॉलर, इंच, पौंड येतात आणि संख्या लाखात न जाता मिलियनमध्ये जातात. स्वल्पविराम १,००,००० असा न पडता १००,००० असा पडतो. मोठ्या मुलाला हे एका दिवसात समजावता येतं, सात वर्षांच्या मुलाचा उगाच गोंधळ उडतो. लिहून भरायच्या वह्या दरवर्षी नव्याने घ्याव्या लागतात, तोही खर्च मोजा.

पालकांसाठीची पुस्तिका आहे का, हेही बघा. फक्त उत्तरं देणारी नको. मूल कुठे चुकतं आणि तेव्हा काय विचारायचं, हे सांगणारी हवी.

घरातलं आणि गावातलं साहित्य

महागडी पेटी घेण्याची गरज नाही. शंभर चिंचोके, दहा रिकाम्या काडेपेट्या, शंभर आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड एवढ्यात दशक-शतक पूर्ण होतं. अपूर्णांकांसाठी पुठ्ठ्याच्या २४ सेंमी लांबीच्या पट्ट्या कापा. २४ ला २, ३, ४, ६, ८, १२ या सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे तुकडे अनुक्रमे १२, ८, ६, ४, ३ आणि २ सेंमीचे बिनचूक निघतात. १/२ आणि १/३ चे तुकडे जोडले की लांबी २० सेंमी भरते, तेवढीच १/६ चे पाच तुकडे मांडले की भरते. २/५ चा हट्ट तिथेच सुटतो.

घरात आजी-आजोबा असतील तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी विचारा. बाजारातल्या 'सव्वा किलो'ला आणि 'पावणेदोन'ला पुस्तकापेक्षा हे पाढे जवळचे आहेत.

कोल्हापुरात तर उदाहरणांची खाण आहे. शेताचा एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे ४३,५६०. क्षेत्रफळ शिकवायला याहून सरळ काही नाही, मैदानावर दोरीने गुंठा आखता येतो. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी रोज बातम्यांत येते. ३९ फुटांची इशारा रेषा आणि ४३ फुटांची धोक्याची रेषा आलेखावर आधी आखून ठेवा आणि जुलैभर रोज एक बिंदू मांडा. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं एका दिवशी चरणांवर आणि पुढच्या दिवसांत वर वर का सरकतात, हा कोनाचाच प्रश्न आहे. हे सगळं आठवड्यातून एक दिवस करा, उरलेले चार दिवस पुस्तक क्रमाने चालू द्या. फक्त उपक्रमांवर वर्ष काढलं तर भागाकार आणि गुणोत्तर हमखास राहून जातात.

तीन आठवड्यांची चाचणी

वर्षाचा संच घेण्याआधी दोन पर्यायांतला एकच घटक तीन आठवडे चालवा. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला रोज ३० ते ४० मिनिटं, दहा ते तेराच्या मुलाला ४५ ते ६०. वहीत रोज तीनच नोंदी करा: किती उदाहरणं, किती चुकली, किती वेळ टिकलं. पहिल्या आठवड्यातला उत्साह धरू नका, तिसरा आठवडा बघा.

एकदा ठरलं की वर्षभर बदलू नका. अभ्यासक्रमांत घटकांचा क्रम वेगळा असतो. एकात दशांश आधी, दुसऱ्यात अपूर्णांक आधी. ऑक्टोबरमध्ये पुस्तक बदललं तर मुलाला एक घटक दोनदा येतो आणि दुसरा एकदाही येत नाही. दोन पूर्ण अभ्यासक्रम एकत्र चालवणंही तितकंच थकवणारं. एक मुख्य, दुसरं फक्त सरावाला.

३६ आठवडे धरा, आठवड्याला पुस्तकाचे चार दिवस, म्हणजे १४४ बैठका. त्यातल्या २० उजळणीला राखून उरलेल्यांत पानं वाटा. भूमिती आणि महत्त्वमापन शेवटी ढकलू नका, वर्ष कमी पडलं की बळी त्यांचाच जातो.

बारा आठवड्यांनी सुरुवातीचेच प्रश्न आकडे बदलून पुन्हा घ्या. ५००३ − २७८६ ला २२१७ आलं तर पुढे चला. ३७८३ आलं तर पुस्तक मिटून ठेवा आणि दोन आठवडे काड्यांचे गठ्ठे सोडा-बांधायला द्या.