साग विकण्याआधी झाडं मोजणारा माणूस आपला हवा

दिवाळी सरली की मालकी रानातल्या सागासाठी व्यापाऱ्यांच्या फेऱ्या सुरू होतात. ‘अख्खं रान उक्तं द्या’, म्हणजे न मोजता एकरकमी द्या, हा आग्रह ठरलेला. भाव बोलण्याआधी वनशास्त्र जाणणाऱ्याकडून झाडं मोजून घ्या. निवृत्त वनपाल, वनक्षेत्रपाल किंवा दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयातून शिकलेले पदवीधर यांच्याकडे चौकशी करा. त्यांनी आधी काम केलेलं एखादं रान स्वतः पाहून या.

आधी पैशाचं विचारा. व्यापाऱ्याकडून दलाली घेणारा कितीही जाणकार असो, तो नको. मेहनताना झाडामागे किंवा दिवसावर ठरवा आणि तो तुम्हीच द्या. विक्रीवर टक्का ठरला की जास्त झाडं पाडण्यात त्याचाच फायदा होतो.

मग रानात एक झाड समोर मोजायला लावा. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर घ्यायचा. उतारावर झाडाच्या वरच्या अंगाला उभं राहायचं, वेली सोडवायच्या, टेप तिरका जाऊ द्यायचा नाही. बुंध्यावर कुऱ्हाडीची पाठ ठोकून पोकळी तपासतो का, तेही बघा.

ओंडक्याचा हिशेब तुम्हालाही यायला हवा. मधला घेर इंचांत घेऊन चारने भागा, त्याचा वर्ग करा, फुटांतल्या लांबीने गुणा आणि १४४ ने भागा. घेर ४८ इंच, लांबी १० फूट, तर १० घनफूट. तोच घेर ४४ लिहिला तर ८.४. चार इंचांत सोळा टक्के माल गेला! ही पद्धत मुळातच खऱ्या घनफळाच्या साधारण ७८ टक्केच दाखवते, म्हणून सालीची वेगळी वजावट मागितली तर आधी लेखी ठरवा.

विरळणी म्हणजे दाट रानातली काही झाडं काढून बाकीच्यांना जागा करणं. तिच्या नावाखाली सरळ, जाड झाडं तोडायला निवडली जातात आणि वाकडी, दबलेली मागे राहतात. चांगला सल्लागार उलट करतो. तो प्रत्येक तोडायच्या झाडावर रंगाने दोन ठिकाणी क्रमांक घालतो, छातीच्या उंचीवर आणि तोडीच्या खाली बुडाशी.

१९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार सागाला तोडीची परवानगी लागते, वाहतुकीचा परवाना वेगळा. अर्ज व्यापारी करणार असला तरी कोऱ्या कागदावर सही देऊ नका. रान वनहद्दीला लागून असेल तर हद्दीची मोजणी आधी करून घ्या. शेवटची गाडी निघण्यापूर्वी बुडख्यांवरचे क्रमांक यादीशी ताडून पाहा, मगच हिशेब मिटवा.