ओढ्याची धार अजून चालू आहे, दारे कधी बसवणार?

रब्बीच्या पेरणीची, बियाण्याची, खताची धावपळ चालू आहे, हे दिसतंय. तरी उद्या सकाळी तासभर काढा आणि गावच्या बंधाऱ्यावर जाऊन या. ओढा वाहत असेल आणि कोल्हापुरी बंधाऱ्याची (खांबांच्या खाचांत लोखंडी दारे बसवून पाणी अडवणारा बंधारा) दारे अजून गोदामात पडून असतील, तर तुमच्या हरभऱ्याचं दुसरं पाणी तुमच्या डोळ्यांदेखत खालच्या शिवारात चाललंय.

वर्षानुवर्षं हेच पाहत आलोय. आधी ‘दसरा होऊ द्या’, मग सोयाबीनची मळणी, मग दिवाळी. भाऊबीज उरकून माणसं ओढ्यावर जातात, तेव्हा फक्त डबकी उरलेली असतात. जानेवारीत घाटे भरायच्या ऐन वेळी विहीर तळाला जाते आणि पारावर बोलणं सुरू होतं, ‘यंदा पाऊसच कमी.’ पाऊस झाला होता. अडवायला कोणी गेलं नाही.

सरकारी रिवाजाप्रमाणे दारे 15 ऑक्टोबरच्या सुमारास टाकतात. परतीचा पाऊस जोराचा झाला तर बंधाऱ्याची बाजू फुटून काठाची जमीन वाहून जाते, म्हणून ही तारीख धरलेली. कारण खरं आहे, पण तारखेला चिकटून बसू नका. 2018 साली सप्टेंबरातच पावसाने पाठ फिरवली आणि ऑक्टोबरअखेर राज्यात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्या वर्षी तारखेची वाट पाहिलेल्या किती तरी ओढ्यांत अडवायला पाणीच उरलं नव्हतं. माझा ठोकताळा वेगळा आहे, पुस्तकात सापडणार नाही. पाणी गढूळ आहे तोवर थांबा, नाहीतर गाळ भरतो. गुडघाभर पाण्यात तळाचा दगड स्वच्छ दिसू लागला आणि हवामान खात्याच्या पुढच्या चार-पाच दिवसांच्या अंदाजात मोठा पाऊस नसला, की खालची दारे बसवा. वरची दोन-तीन दिवसांनी.

बसवताना घाई नको. खांबाच्या खाचेत वर्षभराची माती, काटक्या, प्लास्टिक अडकलेलं असतं. ते पहारीने खरवडून काढलं नाही तर दार तिरकं बसतं आणि रात्रभर पाणी गळतं. दाराच्या कडेचं, गळती रोखणारं रबर गेलेलं असेल तर नवीन येईपर्यंत थांबू नका. एका गावात सत्तरीतले एक आजोबा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून बोटांनी फट चाचपत होते. गळती हाताला लागली की पोत्याची चिंधी काळ्या मातीत आणि शेणात मळून तिथे दाबायची. दुपारपर्यंत धार थांबली आणि ती डागडुजी फेब्रुवारीपर्यंत टिकली.

दारे मोजून घ्या. एखादं कुणाच्या गोठ्यापुढच्या गटारावर आडवं टाकलेलं सापडतं. भांडत बसू नका, उचलून आणा. ग्रामपंचायतीच्या वहीत दारांची संख्या आणि गोदामाची किल्ली कोणाकडे आहे ते लिहा.

एकट्या-दुकट्याने हे काम होत नाही, आणि माणसं का येत नाहीत याचा विचार करा. ज्याला पाण्यात वाटा नाही, तो लोखंडाचं दार खांद्यावर घ्यायला कशाला येईल? 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर नाही, माणशी ठरलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, भूमिहीनालाही हक्क, आणि उसाला पाणी नाही. एवढं सगळं एका बैठकीत जमणार नाही. पण काठावरच्या चार मोटारींनी अख्खा बंधारा उपसायचा नाही, एवढं दारे बसवायच्या आधीच ठरवून घ्या. पाणी साठल्यावर कोणी ऐकत नाही.

हिशेब सोपा आहे. बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्याचा फुगवटा 600 मीटर लांब, 20 मीटर रुंद आणि सरासरी 1 मीटर खोल धरला, तर 1 कोटी 20 लाख लिटर पाणी. हरभऱ्याच्या एका एकराला एक पाणी म्हणजे साधारण अडीच लाख लिटर. निम्मं मुरेल आणि उडेल असं धरलं तरी चोवीस-पंचवीस एकरांची एक पाळी निघते. मुरलेलं पाणी आसपासच्या विहिरींना मिळतं ते वेगळंच. हा आकडा सभेत मोठ्याने वाचा आणि पाळ्या त्यावरच लावा. गावाच्या पिण्याच्या विहिरीचं पाणी आधी बाजूला काढा.

या दिवसांत दुकानदार मातीत मिसळायच्या, पाणी धरणाऱ्या दाण्यांची (हायड्रोजेल) पिशवी आणि ‘ताण सोसणारं टॉनिक’ पुढे करतो. मुळात पाणीच नसेल तर तो दाणा काय धरून ठेवणार? बोअर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, राज्याच्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल जायला मनाई आहे. पिशवी-टॉनिकाच्या पैशातून दारांचं रबर येतं. पीक खरंच ताणात आलं तर कृषी विद्यापीठांच्या शिफारशीतली स्वस्त फवारणी पुरते: 13:00:45 खत 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम, किंवा केओलीन (पांढरी चिकणमाती) 8 टक्के.

रब्बीची नेहमीची कामं (दिवस-आठवडे पेरणीपासून मोजायचे):
– ज्वारीच्या बियाण्याला 300 मेश (बारीक भुकटीचं) गंधक, किलोला 4 ग्रॅम.
– हरभऱ्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा (मर रोखणारी उपयुक्त बुरशी), किलोला 5 ग्रॅम. नंतर रायझोबियम (नत्र धरणारं जिवाणू खत), 10 किलोला 250 ग्रॅम.
– ज्वारीला कोळपण्या तिसऱ्या, पाचव्या, आठव्या आठवड्यात.
– हरभऱ्याला दोनच पाणी असेल तर 30–35 आणि 60–65 दिवसांनी.
– गव्हाला एकच पाणी असेल तर 40–42 दिवसांनी. दोन असतील तर 20–22 आणि 60–65.

बंधारा नसलेल्या छोट्या ओढ्यांवर वनराई बंधारा घाला. सिमेंटची, खताची रिकामी पोती आत्ताच जमवा. वाळू-मुरूम भरून तोंडं शिवायची आणि विटांसारखी सांधेमोड करत रचायची. वरच्या अंगाला माती लिंपायची. वीस माणसांचा एक दिवस.

आणि दारे बसली त्याच संध्याकाळी चार तरुणांचे फोन नंबर पंचायतीच्या फळ्यावर लिहा. रात्री-अपरात्री परतीचा पाऊस कोसळला, तर वरची दारे आधी काढायला हेच चौघे जातील. दोर आणि बॅटरी किल्लीच्याच जागी ठेवा.