मारादीला जाताना

पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशाच्या दक्षिणेकडील मारादी हे हौसा लोकांचे शेती आणि व्यापाराचे शहर पाहायचे असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, मात्र तेव्हा वाहणाऱ्या हरमट्टन या सहारा वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याच्या धुळीसाठी तोंडाला बांधायला रुमाल ठेवावा. निघण्यापूर्वी सुरक्षेची ताजी स्थिती तपासावी आणि पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र सोबत घ्यावे. १९४५ च्या पुरानंतर शहर खोऱ्यातून पठारावर हलवले गेले. खरा वेळ बाजारासाठी राखावा: भुईमूग, बाजरी, चवळी आणि कातडीसाठी नावाजलेल्या तांबड्या शेळ्या तिथे पाहायला मिळतात. ‘सन्नू’ (हौसा भाषेतील नमस्कार) म्हणून विचारपूस केल्याशिवाय भाव विचारू नये; घाई तिथे उद्धटपणाची वाटते. व्यवहारासाठी सीएफए फ्रँक या तिथल्या चलनाच्या सुट्या नोटा जवळ असाव्यात.